संप सोडून बाकीचं काम कुणी लिहायचं?

मा. संपादक,

कालच्या अंकातला जुन्या कामगार पुढाऱ्यांवरचा लेख वाचला, डोकं अजून तापलंय म्हणून लिहितोय. अख्खं पान दिलंत, आभार. पण त्यात संप, गेट मीटिंग, मोर्चा आणि 'यांच्यामुळे गिरण्या गेल्या' एवढंच? ज्यांनी उभा जन्म युनियनमध्ये घालवला ती माणसं रोज काय करायची हे लेखकाने कुणाला विचारलं तरी का?

मी कारखान्यातून रिटायर झालो तेव्हा बेसिक-डीए मिळून १०,४०० पगार, सर्व्हिस २२ वर्षं. ऑफिसने ग्रॅच्युइटी काढली १,१४,४००. आमच्या युनियनच्या सेक्रेटरींनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सत्तरी उलटलेली, तो कागद घेतला, पाठकोऱ्या बाजूला भागाकार केला आणि म्हणाले, "अरे, यांनी पगाराला ३० ने भागलंय, कायद्यात २६ आहे." सर्व्हिसच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार, तो २६ ने भागून ६,००० होतो, म्हणजे २२ वर्षांचे एकूण १,३२,०००. माझे १७,६०० कमी, आणि त्या वर्षी सुटलेल्या प्रत्येकाचे असेच. अण्णांनी सगळ्यांचे ग्रॅच्युइटी मागणीचे अर्ज, 'फॉर्म आय', भरून घेतले, पोच घेतली, मॅनेजमेंट हलेना तेव्हा कंट्रोलिंग ऑथॉरिटीकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज टाकले, प्रत्येक तारखेला एसटीने स्वतः हजर, आणि शेवटी व्याजासकट वसूल केले. एकही मशीन बंद पडलं नाही त्यासाठी, म्हणून तुमच्या पानात जागा नाही का?

मुंबईच्या गिरणी कामगारांचे सुरुवातीचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे लेखात नावापुरते आलेत. १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन त्यांनी दिलं, पुढे सभा घेतल्या, पाठपुरावा केला, तेव्हा १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. हे सुद्धा कागदाचंच काम ना.

आणि मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपावर लिहायचंच तर पूर्ण लिहा. लेख वाचून वाटतं अडीच लाख माणसं संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत या एका माणसाच्या हट्टापायी बाहेर पडली. १९४६ च्या बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायद्यामुळे गिरणीत बोलणी फक्त मान्यताप्राप्त युनियनशीच व्हायची, कामगार कुणाच्याही मागे असोत. तो कायदा काढा ही संपाचीच एक मागणी होती, त्याची एक ओळ नाही!

अजून एक, राहवत नाही म्हणून. शेअर बाजाराला रोज जागा मिळते, लेबर कोर्टाचा निकाल शेवटचा कधी छापलात? १ मेला पण कामगार दिन जाहिरातींतून शोधावा लागतो.

पत्र छापलंत तर बाकी काहीही कापा, पण २६ चा हिशोब राहू द्या. या महिन्यात रिटायर होणारा कुणीतरी तो वाचून आपला कागद तपासेल.

आपला,
एक निवृत्त कामगार