चॅटच्या खिडकीमागे माणूस बसवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर ‘ग्रंथपालांना विचारा’ अशी चॅटची खिडकी आता आपल्याकडेही दिसू लागली आहे. ती लावायला तासभर पुरतो. चालवायला मात्र वेळापत्रक लागते, आणि नेमके तेच आधी ठरत नाही. वाचक ‘नमस्कार’ लिहितो, पलीकडे कोणीच नसते. असे दोनदा झाले की तो वाचक कायमचा गेला.

सर्वांत मोठी चूक म्हणजे देवघेवीच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याला ‘मध्ये मध्ये चॅटही बघ’ असे सांगणे. संध्याकाळी पुस्तके बदलणाऱ्यांची रांग लागते, त्याच सुमारास चॅटवरही प्रश्न येतात, आणि समोर उभ्या माणसाला थांबवून कोणी पडद्याकडे वळत नाही. चॅटची पाळी स्वतंत्र हवी आणि सलग दोन तासांपेक्षा मोठी नको. एका व्यक्तीने एका वेळी दोन संभाषणे सांभाळावीत, तिसऱ्याला थांबण्याची सूचना जावी. पाळी नसेल तेव्हा खिडकी बंद दिसली पाहिजे आणि तिच्या जागी साधा अर्ज यावा: प्रश्न, ईमेल, ‘उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत’. सोमवारी ग्रंथालय बंद असते हे सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही, ते भरावे लागते.

पहिले उत्तर अर्ध्या मिनिटात जायला हवे. ते तयार मजकुराचे असले तरी चालेल, पण त्याच्या पाठोपाठ माणसाचे वाक्य यावे. कपाटापर्यंत जाऊन यायचे असेल तर ‘दहा मिनिटे लागतील, थांबाल की ईमेलवर पाठवू?’ असे विचारावे. समोरच्याला आपण दिसत नसतो. आपण पुस्तकांच्या तालिकेत शोधत आहोत की चहाला गेलो आहोत, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी एक ओळ, आणि लांब उत्तर असेल तर ते तुकड्यातुकड्यांनी.

खरे कसब प्रश्न उकलण्यात आहे. ‘पुण्याच्या इतिहासावर काही आहे का?’ या प्रश्नाला पंधरा पुस्तकांची यादी धाडणे सोपे, पण वाचकाला कदाचित 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरानंतरच्या आठवड्यातील वर्तमानपत्रे हवी असतात. दुसऱ्या कोणाला 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमधली आपल्या गावाची नोंद हवी असते. टेबलावर हे चेहऱ्यावरून उमगते. चॅटवर विचारावे लागते, आणि तेही जपून. ‘कशासाठी हवे आहे?’ हे लिहिलेले वाचताना चौकशीसारखे वाटते. ‘कोणत्या काळाबद्दल शोधता आहात?’, ‘आतापर्यंत काय पाहिलेत?’, ‘कधीपर्यंत हवे?’ या तीन प्रश्नांनी बहुतेक काम होते. शेवटी ‘हवे होते ते मिळाले का?’ हे विचारायला विसरू नये. पुष्कळदा खरा प्रश्न तिथेच बाहेर पडतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे सॉफ्टवेअर विकणारे लक्षच देत नाहीत. अनेक तालिकांत मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत आहेत आणि एकट्या ‘ज्ञानेश्वरी’चे तीनचार तऱ्हेचे स्पेलिंग सापडते. देवनागरीतही ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, शोधयंत्राला नाहीत. त्यामुळे ‘पुस्तक नाही’ असे कळवण्याआधी नाव तीन प्रकारे आणि लेखकाच्या आडनावाने एकदा शोधावे. जुन्या पुस्तकावर फक्त शके छापलेले असते, तेव्हा शकात 78 मिळवावेत, आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळासाठी 79. हा तक्ता पाळीच्या टेबलावर चिकटवून ठेवावा.

‘पीडीएफ पाठवा’ ही मागणी रोज येणार. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो, हे एका वाक्यात सांगावे आणि पुस्तक कुठे वाचता येईल ते लगेच जोडावे. नुसता नकार देऊ नये. औषधे आणि कोर्टकज्जे यांबाबत पुस्तक व पान सांगावे, सल्ला देऊ नये.

प्रश्न विचारण्याआधी फोन नंबर मागणारी खिडकी मला पटत नाही. ईमेल लागते ते फक्त नंतर उत्तर पाठवायचे असेल तर. संभाषणे दर आठवड्याला कर्मचाऱ्यांनी एकत्र वाचावीत, त्यातूनच नवा माणूस शिकतो. मात्र त्याआधी नाव-पत्ता पुसावा. आपला वाचक काय वाचतो, ही गोष्ट ग्रंथालयाच्या भिंतीबाहेर जाता कामा नये.

सॉफ्टवेअर बदलत राहते, हेही लक्षात असू द्यावे. अनेक अमेरिकी ग्रंथालयांनी मीबो नावाची फुकट खिडकी लावली होती. 2012 मध्ये गूगलने ती कंपनी घेतली आणि खिडक्या बंद पडल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेस हे अमेरिकी ग्रंथालय आणि ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था यांनी 2002 मध्ये सुरू केलेली क्वेश्चनपॉइंट ही ऑनलाइन प्रश्नोत्तरांची सेवाही 2019 मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेली. तयार उत्तरे आणि जुने प्रश्न आपल्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवलेले असले तर अशा वेळी नुकसान होत नाही. यंत्रमानवाला, म्हणजे चॅटबॉटला, उत्तरे द्यायला बसवायचे असेल तर वेळ, वर्गणी, अनामत एवढ्यापुरतेच बसवावे, तो यंत्र आहे हे वर लिहावे आणि माणसाकडे जायचे बटण पहिल्याच ओळीत द्यावे. अशी यंत्रे अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावे बेधडक सांगतात. त्यांनी दिलेले प्रत्येक नाव तालिकेत पाहिल्याशिवाय वाचकाला देऊ नये.

तालुक्याच्या ग्रंथालयात दोनच कर्मचारी असतात, तिथे हे कसे जमणार? एकट्याने जमणार नाही. क्वेश्चनपॉइंटचा मुख्य गुण हाच होता की एका ग्रंथालयाच्या वाचकाला दुसऱ्या गावचा ग्रंथपाल उत्तर देई. दहा ग्रंथालये एकत्र आली आणि आठवड्यातले सहा दिवस रोज पाच तास सेवा द्यायची ठरवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीनच तास येतात. साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या असतील तर उलट सोयच. त्यासाठी प्रत्येक ग्रंथालयाने एका पानात आपली वेळ, वर्गणी, तालिकेचा पत्ता आणि विशेष संग्रह लिहून द्यावा, म्हणजे नगरचा प्रश्न साताऱ्याहून सोडवता येईल. न सुटलेला प्रश्न पूर्ण संभाषणासह मूळ ग्रंथालयाकडे जावा, वाचकाला तो पुन्हा लिहायला लावू नये. यातली एखादी पाळी सकाळी 8 ची ठेवावी. न्यूयॉर्कला तेव्हा हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात आणि तिकडच्या मराठी वाचकांना तीच वेळ सोयीची पडते.

ग्रंथालय संचालनालयाने एखाद्या जिल्ह्यात हा प्रयोग वर्षभर करून पाहावा. ग्रंथालयांचा अ, ब, क, ड दर्जा ठरवताना उत्तर दिलेल्या प्रश्नांचीही नोंद घ्यावी, पण नुसता आकडा मोजू नये. ‘आज उघडे आहे का?’ आणि तीन दिवस शोधून काढलेली नोंद यांना एकच गुण देता येत नाही. परदेशात काही ग्रंथालये प्रत्येक प्रश्नाला लागलेल्या कष्टांनुसार 1 ते 6 अशी श्रेणी देतात. तशी नोंदवही आपल्याकडेही पहिल्या पाळीपासून ठेवावी.

– एक संदर्भ ग्रंथपाल, पुणे