पेन्सिलीने घातलेल्या पानांच्या आकड्यांबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. कार्यालयाचं नाही, तालुक्याचंही नाही. चांगल्या कामाचं जाहीर कौतुक झालं की पुढच्या बदल्यांच्या हंगामात त्या माणसाचं काय होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण मनातल्या मनात आभार मानून भागेना, म्हणून हे उघड पत्र.

माहिती अधिकारात मागितलेली नस्ती, म्हणजे फाइल, मला पाहायला देण्याआधी तुम्ही ती स्वतःपुढे ओढलीत आणि पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे घातलेत. टिपणी भागाचे, म्हणजे जिथे अधिकारी शेरे आणि निर्णय लिहितात त्या पानांचे वेगळे, पत्रव्यवहार भागाचे वेगळे. मग कव्हरच्या आतल्या बाजूला लिहिलंत: टिपणी 1 ते 19, पत्रव्यवहार 1 ते 112. खाली सही आणि तारीख. आणि म्हणालात, "आता बघा निवांत."

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. ज्याने सरकारी कागदाच्या मागे चपला झिजवल्यात त्याला लगेच कळेल. आकडे नसलेल्या नस्तीतून एखादं पान गेलं तर ते गेलं हे सिद्धच करता येत नाही. आक्षेप नोंदवणारी टिपणी काढून तिच्या जागी गुळगुळीत टिपणी लावली, तर टाचणीच्या भोकांशिवाय साक्षीदार उरत नाही. आकडे घातले, एकूण पानं लिहिली, सही केली, की ती नस्ती कुलूपबंद झाली. अर्जदारासाठी तर झालीच, पण साहेबांसाठीही झाली. तुम्ही ते कुलूप आमच्यावर विश्वास ठेवून लावलं नाहीत, कागदाचा मान म्हणून लावलंत. मला त्याचंच जास्त मोल वाटतं.

याच माहितीसाठी तुमच्याआधी जी उत्तरं मिळाली त्यांच्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही, तो लपवतही नाही. एका टेबलाने विचारलं, "या माहितीचं तुम्ही काय करणार?" माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(2) सांगतं की अर्जदाराला कारण विचारता येत नाही. दुसऱ्याने कळवलं, "माहिती व्यापक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." त्यासाठी कलम 7(9) चा आधार दिला होता. ते कलम माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची एवढंच सांगतं. मागितलेल्या स्वरूपात देणं फारच खर्चिक किंवा वेळखाऊ असेल तर दुसऱ्या स्वरूपात द्या, म्हणजे पाहणीला बोलवा. नकार देण्याची परवानगी त्या कलमात कुठेही नाही. आणि तिसरं उत्तर सगळ्यांच्या ओळखीचं: "अभिलेख आढळून येत नाही." कलम 8 आणि 9 मध्ये नकाराची जी कारणं आहेत त्यांत "सापडत नाही" हे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात हे स्पष्ट केलं: कागद कार्यालयाकडे असायला हवा होता तर त्याचा कसून शोध घ्या, चौकशी करा, जबाबदारी ठरवा.

तुमच्या टेबलापाशी यातलं एकही कलम काढावं लागलं नाही. कायदा शिकणाऱ्या मुलीला याचं केवढं नवल वाटलं असेल!

आमच्या वर्गात न्यायावर खूप बोललं जातं. निवाडे, खंडपीठं, मूलभूत हक्क. मोजमाप पुस्तिकेवर, म्हणजे झालेल्या कामाची मापं जिच्यात नोंदतात त्या वहीवर, तास होत नाही. खरं तर गावातल्या रस्त्याचा न्याय तिथेच होतो. अंदाजपत्रकात काँक्रीटचा रस्ता 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड असेल तर काँक्रीट होतं 45 घनमीटर. जाडी 10 सेंटिमीटरच घातली तर 30. लांबी-रुंदी कुणीही पावलांनी मोजेल, पण जाडी जमिनीत गाडलेली असते, म्हणून चोरी बहुतेक वेळा जाडीत होते. ती पकडायची तर मोजमाप पुस्तिकेतली नोंद हवी, त्या नोंदीवर निघालेलं देयक, म्हणजे बिल, हवं आणि रस्त्याचा नमुना हवा. कलम 2(जे) नुसार "माहितीचा अधिकार" यात कामाची पाहणी करणं, टिपणं काढणं, प्रमाणित प्रती घेणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हे सगळं येतं. नमुन्याचं हे कलम लोक जवळजवळ वापरतच नाहीत.

आणि एक गोष्ट तुमच्या पेन्सिलीमुळेच डोक्यात आली. मोजमाप पुस्तिकेच्या पानांना क्रमांक छापलेलेच असतात. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही, चुकलं तर रेघ मारून बाजूला सही करायची, असा दंडक आहे. कारण तिथून पैसा निघतो. पण तो पैसा द्यायचा की नाही हे जिथे ठरतं, त्या टिपणीच्या पानांवरचे आकडे मात्र कुणाच्या तरी हाताने पडायचे असतात. तो हात आळशी असला, घाबरलेला असला किंवा विकला गेलेला असला, तर ती पानं मोकळीच राहतात.

आमच्या पिढीच्या मोर्चांबद्दलही तुमच्याशी बोलायचं आहे, कारण त्या दिवशी तुम्ही विचारलंत, "मोर्चाने काय होतं?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देते.

महाडच्या चवदार तळ्याकडे बघा. मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये समाजसुधारक बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला होता, सह्या झाल्या होत्या. पाण्याला मात्र कुणाचा हात लागला नव्हता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं, तेव्हा ते कायदा मोडायला गेले नव्हते. मंजूर झालेल्या ठरावाची अंमलबजावणी करायला गेले होते. परतणाऱ्या माणसांना मार खावा लागला, सनातन्यांनी तळ्याचं "शुद्धीकरण" केलं आणि ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरणार तर दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. बाबासाहेबांनी तो पाळला आणि लढत राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च 1937 मध्ये. अस्पृश्यांना बंदी घालणारी वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे दावा लावणाऱ्या सवर्णांना सिद्ध करता आलं नाही.

ठराव 1924 चा, पाणी 1927 चं, निकाल 1937 चा. नुसत्या कागदाने तळं उघडलं नाही, आणि नुसत्या मोर्चाने ते उघडं राहिलं नाही. मोर्चाने काय होतं, याचं माझं उत्तर हे आहे.

बाबासाहेबांचं दुसरं एक वाक्य आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी सत्याग्रह, असहकार, कायदेभंग या मार्गांना "अराजकाचं व्याकरण" म्हटलं होतं. ऐकवणारे अट गाळतात. ते म्हणाले होते की संविधानिक मार्ग खुले असतील, तिथे या मार्गांचं समर्थन होऊ शकत नाही. शांततेने, विनाशस्त्र जमणं हा तर संविधानाने अनुच्छेद 19 मध्ये दिलेला हक्कच आहे, तो अराजकात मोडत नाही. पण तेही बाजूला ठेवू. माझा प्रश्न "खुले असतील" या शब्दांचा आहे. जिथे अर्जाची पोच मिळत नाही, तीस दिवसांत उत्तर येत नाही, नस्ती "आढळून येत नाही", तिथे मार्ग खुला आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तुमच्या टेबलावर तो मार्ग खुला होता. इतकं साधं, आणि इतकं दुर्मीळ.

माहितीचा अधिकारसुद्धा धरण्यातूनच आलेला आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 मध्ये जनसुनवाई सुरू केल्या. हजेरीपटावरची नावं लोकांसमोर मोठ्याने वाचायची, आणि मेलेल्या माणसांच्या, गाव सोडून गेलेल्यांच्या नावावर मजुरी निघालेली उघडी पडायची. 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी स्वतःचा कायदा केला, त्यामागेही उपोषणं होती. 12 ऑक्टोबर 2005 ला लागू झालेला केंद्राचा कायदा कुणी दान म्हणून दिलेला नाही.

म्हणून आता मोर्चाला निघणाऱ्या मित्रांना मी सांगते, की आधी नस्ती बघा. "भ्रष्टाचार थांबवा" या मागणीला साहेब "चौकशी करू" म्हणतात आणि निवेदन ठेवून घेतात. "पत्रव्यवहार पान 47 वरच्या पत्रात जाडी कमी असल्याचं कळवलेलं असताना टिपणी पान 12 वर देयक मंजूर का झालं?" या मागणीपुढे साहेबांना खुर्चीत सरळ बसावं लागतं. तो आकडा तुमच्या पेन्सिलीचा.

काही खाचाखोचा इथेच लिहून ठेवते, वाचणाऱ्याला उपयोगी पडतील. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र "अ" मध्ये करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. बरेच अर्ज पडतात ते "का" विचारल्यामुळे. "रस्ता निकृष्ट का झाला?" ही माहिती नव्हे, तो खुलासा झाला, आणि जन माहिती अधिकारी खुलासा द्यायला बांधील नाही. कागदाचं नाव लिहा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अंतिम देयक, टिपणी भागासह संपूर्ण नस्ती. "टिपणी भागासह" हे दोन शब्द गाळले की पत्रव्यवहाराच्या प्रती मिळतात आणि निर्णय कुणी घेतला ते झाकलेलं राहतं. त्याहून सोपी वाट म्हणजे सोमवार. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत, महापालिकांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला खुले असतात. सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाताना वही न्या. नस्ती हातात आली की आधी पानं मोजा, आकडे नसतील तर घालून मागा, आणि शेवटी काय काय पाहिलं याची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. हव्या त्या पानांचे क्रमांक देऊन प्रमाणित प्रती मागा, पानाला दोन रुपये. फोटो काढू द्यायचे की नाही यावरून वाद घालण्यात ते दोन तास घालवू नका.

मोर्चाचंही तसंच. पोलीस ठाण्यात दिलेल्या पत्राची पोच घ्या, त्यात जागा, वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक हे सगळं लिहा. "जमावबंदी आहे" असं तोंडी सांगितलं तर आदेशाची प्रत मागा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(3) खालचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. तरीही दर पंधरवड्याला नवा आदेश काढून वर्षभर जमावबंदी ठेवायची, हे मला घातक वाटतं. जमावबंदीच्याच, फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जुन्या कलम 144 बद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या अनुराधा भसीन निकालात म्हटलंच आहे, की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे.

एक काळजी आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(जे) मध्ये बदल केला. आधी "वैयक्तिक" म्हणून माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावं लागायचं, आणि व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागायची. आता त्या खंडात नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच उरतं. ठेकेदाराचं नाव वैयक्तिक, टिपणीवर सही करणाऱ्याचं नाव वैयक्तिक, असं म्हणणारी टेबलं मला आत्ताच दिसू लागली आहेत. कलम 8(2) शाबूत आहे. माहिती उघड करण्यातलं जनहित त्याने होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर ती देता येते. पण ते मोठं आहे असं म्हणण्याचं धैर्य कुणाच्या तरी अंगी असावं लागतं. कायद्याच्या पुस्तकात त्या माणसाचं वर्णन "जन माहिती अधिकारी" असं असतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो कपाटाची किल्ली असलेला लिपिक असतो.

नेकीबद्दल आपल्याकडे मोठमोठ्या माणसांची उदाहरणं देतात. मला आता सरकारी कार्यालयांतली ती सगळी न दिसणारी माणसं आठवतात: आवक-जावक नोंदवहीत खरी तारीख घालणारे, पोच द्यायला शिक्का शोधत न बसणारे, म्हाताऱ्या माणसाला "उद्या या" न म्हणणारे. तुमच्यासारखी अशी माणसं प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरी असतात, आणि त्यांच्याच जोरावर आम्ही वर्गात कलमं घोकू शकतो.

मॅडम, कुणी तुम्हाला विचारलंच, की नस्तीवर आकडे कुणाला विचारून घातलेत, तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 उघडून दाखवा. प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून, शोधता येतील असे नीट ठेवावेत, हे त्याचं पहिलंच बंधन आहे. तुम्ही केलंत ते कायद्याने सांगितलेलं काम आहे. लेखी खुलासा मागितला तर तो लिहायला मी येईन, कितीही लांबून. सोमवारीच यायला हवं असं नाही.

तुमची कृतज्ञ,
विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी