मंजूस, त्या पेढ्यांबद्दल

खारघर, रविवार रात्र

प्रिय मंजे,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायला तोंडच नव्हतं. पण जे झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

प्रकृती ठीक. बीपीची गोळी वाढवलीय. आई बरी आहे, हेही बरे.

मंगळवारी एका विद्यापीठातून फोन आला. कुलगुरूपदासाठी माझं नाव पक्कं झालंय, येत्या शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाले. फोन ठेवला आणि पहिली आठवण आली ती माटुंग्याची. तू अधिष्ठाता होणार म्हणून पेढे घेऊन आली होतीस आणि मी म्हणाले, "मायक्रोस्कोप विकून खुर्ची घेतलीस." वर कॅन्सरवाल्या पॅथॉलॉजिस्ट खानोलकरांचं नाव तुझ्या तोंडावर फेकलं. माणूस जन्मभर स्लाइडपाशी बसला म्हणून आपल्याकडे पॅथॉलॉजी उभी राहिली, असं बरंच काही. तू पुडा पुन्हा दोऱ्याने बांधलास, बिल दिलंस आणि निघालीस.

मंजे, खानोलकर १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, हे मला तेव्हाही माहीत होतं. भांडण जिंकायचं म्हणून मी ते गिळलं. तुलाही माहीत होतंच. तू बोलली नाहीस, ते मला नऊ वर्षं टोचतंय.

परवा अॅक्ट्रेकला, इथल्या टाटाच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, एका व्याख्यानाला गेले होते. पाऊस धो धो, मागचा डोंगर दिसेना. तिथल्या 'खानोलकर शोधिका' इमारतीच्या पाटीपाशी छत्री मिटून उभी राहिले आणि त्या माणसाचा सगळा हिशोब नव्याने मांडला. टाटा मेमोरिअल १९४१ मध्ये उघडलं, तिथली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. १९४५ च्या त्या निबंधात धोतराच्या गाठीखाली कमरेला होणारा कॅन्सर त्यांनी दाखवला. नुसत्या पेशी बघून तो सापडतो का? माणूस काय नेसतो, किती घट्ट बांधतो, गालात काय धरून ठेवतो, हे विचारायला खुर्चीवरून उठावं लागतं. १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर काढलं. १९५५ मध्ये संघवी आणि राव यांच्याबरोबर तंबाखू ओढणं, चघळणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांचा संबंध मांडला. संस्था उभी करताना अर्ज, पैसे, माणसं, सह्या हे सगळं त्यांनीच केलं असणार ना? मग तुला मी कोणत्या तोंडाने बोलले?

आणि तरी माझा पाय निघत नाही. गुरुवारचीच गोष्ट सांगते. कळंबोलीचा रिक्षावाला, वय चोवीस, आठवीपासून गुटखा. तोंड उघडतं दोन बोटं, भाताचा घाससुद्धा चपटा करून सारावा लागतो. रेसिडेंटने नुसतं फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं अस्तर ताठ झालंय, एवढं लिहून त्याची स्लाइड बाजूला ठेवली होती. मी सवयीने कडेपर्यंत सरकवली. वरचा थर पातळ झालेला, खाली काचेसारखा गुलाबी कोलॅजेन आणि अगदी कोपऱ्यात, त्या वरच्या थराच्याच तळाशी, मोठी काळपट केंद्रकं, एकीचा आकार दुसरीसारखा नाही. डिसप्लेझिया, कॅन्सरच्या आधीची पायरी. रेसिडेंट पोरीला शेजारी बसवून दाखवलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिला म्हटलं, कोपरा बघायची सवय लागायला वर्षं जातात. उद्या मी त्या केबिनमध्ये गेले तर तो कोपरा कोण बघणार? पीएचडीची तीन पोरं आहेत, त्यातल्या एकीचा प्रबंध ऐन मध्यावर आहे. हे म्हणतात, "तू नाही म्हणालीस तरी जग चालेल." चालेलच गं. पण त्या रिक्षावाल्याचं?

उलट असंही वाटतं की आठवीतल्या पोराच्या हातातली पुडी माझ्या मायक्रोस्कोपमधून कधीच दिसली नाही. माझ्याकडे पोहोचतो तो दहा वर्षांनी, तुकडा होऊन. विद्यापीठाची कॉलेजं गावोगाव असतात, मुलं तिथे असतात.

खरं सांगू? मला ते पद हवंय. मनापासून हवंय, म्हणूनच झोप नाही. तुला जे हवं होतं त्याला मी हाव म्हटलं होतं. माफ कर मंजे.

काल आठवून एकटीच हसले. फॉर्मॅलिनने तुझे डोळे वाहायचे आणि वॉर्डबॉय तुला मयताची नातेवाईक समजून पाणी आणून द्यायचा! एकदा तर त्याने तुला रिक्षाही बोलावून दिली होती.

लेकीचं बाळंतपण नीट झालं ना? नाव काय ठेवलं? नागपूरच्या घराचं छप्पर झालं का? सगळं सविस्तर कळव.

गुरुवारी रात्री नऊनंतर फोन करशील? हो म्हण किंवा नको म्हण, असं नाही विचारत. अधिष्ठाता झालीस त्या पहिल्या सोमवारी, समोर मायक्रोस्कोप नसताना, तुझ्या हातांनी दिवसभर काय केलं, तेवढं सांग. मी ते तेव्हा विचारलंच नव्हतं.

तुझीच,
शुभा