पिल्लाच्या खरेदीआधी मोजपट्टी हातात घ्या

संपादक महोदय,

कुत्र्याचे पिल्लू घरी आणायचे ठरले की तयार 'पपी किट' उचलण्याकडे हल्ली अनेकांचा कल असतो. गळपट्टा, साखळी, भांडी, शाम्पू, खेळणी आणि कॅल्शियमची बाटली, सगळे एकाच पिशवीत मिळते. पण पिल्लाचे वय, वजन आणि गळ्याचा घेर न विचारता भरलेल्या या पिशवीतले निम्मे सामान लवकरच अडगळीत जाते. कॅल्शियमची बाटली तर अपायही करू शकते.

वाढत्या पिल्लाला कॅल्शियम हवेच, पण ते वाढीच्या वयासाठी बनवलेल्या संतुलित खाद्यात असते. पहिल्या काही महिन्यांत आतड्यातून कॅल्शियम किती शोषायचे यावर पिल्लाच्या शरीराचा पुरेसा ताबा नसतो. वरून दिलेले जास्तीचे कॅल्शियम अंगात उतरते आणि हाडांची, सांध्यांची वाढ बिघडते. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर अशा मोठ्या जातींना हा धोका अधिक. त्यांच्यासाठी पाकिटावर 'लार्ज ब्रीड पपी' असे लिहिलेलेच खाद्य घ्यावे. मात्र पहिल्याच दिवशी मोठी गोणी आणू नका. पिल्लू आधी जे खात होते तेच काही दिवस चालू ठेवून, मग सात ते दहा दिवसांत नवे खाद्य पाव, निम्मे, पाऊण असे वाढवत न्यावे. एकदम बदलले की जुलाब लागतात.

पिंजऱ्याच्या मापात सर्वाधिक गफलत होते. पिल्लाला आत उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आले की पुरे. 'वाढेल तसा पुरेल' म्हणून ऐसपैस पिंजरा घेतला, तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपते, दुसऱ्यात शू करते, आणि बाहेर जाण्याची सवय लांबते. मोठाच घ्यायचा असेल तर आत सरकवता येणारी आडजाळी असलेला घ्यावा. अंथरायला जुने टॉवेल उत्तम. फोमची गादी दात येण्याच्या काळात टिकत नाही, आणि गिळलेला फोम आतड्यात अडकू शकतो.

गळपट्टा साधा, चपटा, बकलचा असावा. त्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत, आणि हे दर आठवड्याला तपासले पाहिजे, कारण पिल्लू वाढते, पट्टा वाढत नाही. फिरवायला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि चार ते सहा फुटांची साधी दोरी बरी. आवळणारी चोक चेन पिल्लाच्या मानेला नकोच. आपोआप लांबणाऱ्या दोरीचाही मोह टाळावा. तिच्यामुळे पिल्लू ऐन वेळी आवरत नाही आणि ओढत राहण्याची सवय लागते ती वेगळीच.

साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे 28 दात पडून 42 पक्के दात येतात, तोवर घरातले सगळेच चावले जाते. खेळण्यावर अंगठ्याचे नख दाबून पाहा. खूण उमटली नाही, तर ते दातांसाठी फार कठीण आहे. शिंगे आणि हाडे याच कारणाने नकोत. खेळणे तोंडात पूर्ण मावता कामा नये आणि त्याचे धागे सुटता कामा नयेत. गिळलेला लांब धागा आतड्याला आतून चिरू शकतो.

भांडी स्टीलची, रुंद बुडाची घ्यावीत. माणसांचा शाम्पू आणि टूथपेस्ट वापरू नये. गोचीड-पिसवांचे औषध वय आणि वजन पाहून पशुवैद्यकांनीच ठरवावे. शू पुसायला एन्झाइमयुक्त क्लीनर घ्यावा. नाहीतर मागे राहिलेल्या शूच्या वासाला भुलून पिल्लू पुन्हा तिथेच बसते.

वापरलेले सामान स्वस्तात किंवा फुकट मिळत असेल, तर आधीचे पिल्लू पार्वोने (जीवघेण्या उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूने) आजारी होते का, हे स्पष्ट विचारा. हा विषाणू वस्तूंवर अनेक महिने तग धरतो आणि साध्या साबणाने मरत नाही. भांडी किंवा पिंजरा आधी घासून स्वच्छ करावा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी या द्रावणाने दहा मिनिटे ओला ठेवून धुवावा. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही क्लीनर मिसळू नये. अशा घरातल्या गाद्या आणि कापडी खेळणी मात्र घेऊच नयेत.

– एक श्वानप्रेमी वाचक