वाळूघाटांच्या लिलावात शासन मालक की विश्वस्त?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की आपल्या जिल्ह्यात वाळूघाटांच्या लिलावाची चर्चा सुरू होते आणि ती ब्रासचा (शंभर घनफुटांचा) दर, स्वामित्वधन (रॉयल्टी) व रात्री धावणारे डंपर यांच्यापुढे सहसा सरकत नाही. २०२३ मध्ये शासनाने डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले, तेव्हाही वाद झाला तो दराचाच. शासन जी वाळू विकते तिच्यावर त्याचा नेमका कोणत्या प्रकारचा हक्क आहे, हे मात्र कोणी विचारले नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २० प्रमाणे नदी-नाल्यांची पात्रे आणि त्यांतील पाणी राज्य शासनाच्या मालकीचे आहे, आणि महसूल यंत्रणा तेवढ्यावर भागवते. परंतु डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, हिमाचल प्रदेशातील बियास नदीकाठची जमीन एका हॉटेल कंपनीला दिल्याचा भाडेपट्टा रद्द करताना, असे ठरवले की जी नैसर्गिक संपत्ती स्वभावतःच सर्वांच्या उपयोगाची आहे तिचे राज्य हे विश्वस्त असून लाभधारक जनता आहे. सार्वजनिक विश्वस्ततेचे हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग आहे, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. विश्वस्ताला ठेव वापरू देता येते. ती मोडून खाता येत नाही.

गिरणाकाठी या फरकाचा अर्थ उन्हाळ्यात कळतो. अनेक गावांच्या पाणीयोजनेच्या विहिरी नदीपात्रात किंवा काठालगत आहेत, आणि धरणातून पिण्यासाठी आवर्तन सुटले की पाणी वाळूत मुरते व तेथून या विहिरींना पाझरते. जेथे वाळू खरवडून खाली मुरूम नाहीतर चिकणमाती उघडी पडली आहे, तेथे मुरायला जागाच उरलेली नसते. पोकलेनने पाडलेले खोल खड्डे आधी भरतात, मगच पाणी पुढे सरकते. शेपटाकडच्या गावांना ते उशिरा आणि कमी मिळते. लिलावाच्या हिशेबात वाळूचे ब्रास मोजले जातात, पण तिने धरून ठेवलेले पाणी कोणाच्याच वहीत येत नाही.

वाळू काढूच नये, असे माझे म्हणणे नाही. घरकुलाचा लाभार्थी वाळूवाचून अडून बसतो, हेही मी पाहतो. मात्र एकदा परवानगी दिली की मुदत संपेपर्यंत हात बांधलेले, हा शासकीय युक्तिवाद मला पटत नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर कॅलिफोर्नियातल्याच मोनो सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांचे पाणी परवान्यानिशी वळवत होते. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दिलेल्या हक्कांचाही फेरविचार करण्याचा अधिकार विश्वस्त म्हणून राज्याकडे कायम राहतो. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, हे खरे; पण त्यातील तर्क आपल्या तहसील कार्यालयातही समजण्यासारखा आहे.

आणि तो खान्देशाला नवा तरी कुठे आहे? पांझरा नदीच्या काठी फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत, म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतपट्ट्यांत, विभागलेली असे, त्यामुळे पाणी कमी पडले आणि काही फडच भिजवायचे ठरले, तर तुटीचा वाटा सर्वांनाच येई. पाटकरी पाणी वाटून देई, पण पाण्यावर मालकी सांगत नसे. शासनाची भूमिका याहून मोठी आहे, असे त्याला का वाटावे, हे एक कोडेच आहे.

म्हणून जिल्हा प्रशासनाकडे माझी मागणी अशी की प्रत्येक घाटाच्या लिलावाच्या जाहिरातीसोबतच जवळच्या गावविहिरीची आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या त्या भागातील निरीक्षण विहिरीची पाणीपातळी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, ठेका चालू असताना दरमहा ती पुन्हा मोजून त्याच फलकावर लिहावी, आणि ठरलेल्या मर्यादेखाली पातळी गेल्यास उपसा तात्काळ थांबवण्याची अट करारनाम्यातच घालावी. ती मर्यादा कोणती, हे लिलावाआधी ग्रामसभेत ठरावे. ठेकेदारालाही बोली लावण्यापूर्वी ते माहीत असणे न्यायाचे होईल.

आपला,
गिरणाकाठचा एक वाचक
जि. जळगाव