विश्वास मोजायला हवालदार कशाला? : कर्नाटकच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, कर्नाटक राज्य, यांस,

स.न.वि.वि.

पोलीस आणि नागरिक यांच्यातील नाते सुधारण्यासाठी पोलीस खाते व विद्यापीठीय संशोधक मिळून आमच्या भागात पाहणी करणार असल्याचे कळले, तेव्हा बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक आणि शेतकरी म्हणून मला मनापासून बरे वाटले होते. प्रश्नावली मराठीतही असेल आणि निष्कर्ष गावासमोर वाचून दाखवले जातील, असा शब्द एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पंचायतीच्या बैठकीत दिला होता. गेल्या आठवड्यात आलेली प्रश्नावली मात्र केवळ कन्नडमध्ये होती. ती घेऊन आलेली विद्यापीठाची विद्यार्थिनी बिचारी नम्र होती. पण तिच्याशेजारी कट्ट्यावर बीटचा हवालदार मोबाईल चाळत बसला होता आणि पोलिसांवर तुमचा कितपत विश्वास आहे, हा प्रश्न तोच मोडक्या मराठीत समजावून सांगत होता. शेजारच्या काकूंनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि "पूर्ण आहे" म्हणून सांगून टाकले. अभिनंदन, साहेब; आकडा उत्तम येईल.

मला तसे उत्तर देणे जमले नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीवरची मोटार केबलसकट चोरीला गेली. ठाण्यात मी मराठीत सांगितले, लिहिणाऱ्याने कन्नडमध्ये लिहिले आणि सही घेतली. फिर्याद वाचून दाखवावी व तिची प्रत विनामूल्य द्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. मला प्रत मिळाली ती हेलपाटे घालून चपला झिजल्यावर, आणि ती वाचणाऱ्या वकिलांनी सांगितले की त्यात मोटार गहाळ झाल्याची नोंद आहे. साडेसात अश्वशक्तीची मोटार खिशातून पडते कशी, यावरच खरे तर संशोधन व्हावे! त्या हंगामात उभा ऊस वाळला, सोसायटीचे कर्ज थकले आणि पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या. प्रश्नावलीत यासाठी रकाना नव्हता.

असे संशोधन निरर्थक असते, असे मी म्हणत नाही. ब्राझील, युगांडा, पाकिस्तान, फिलिपिन्स यांसह सहा देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. समुदाय पोलिसिंगमुळे, म्हणजे पोलिसांनी वस्तीतल्या लोकांशी नियमित संपर्क ठेवून काम केल्यामुळे, तेथे ना लोकांचा विश्वास वाढला, ना गुन्हे घटले, आणि त्यामागच्या कारणांत अधिकाऱ्यांच्या सततच्या बदल्याही होत्या. राजस्थानात झालेल्या प्रयोगात ठाण्यात लोकनिरीक्षक, म्हणजे कामकाज पाहणारे सामान्य नागरिक, बसवून फारसे काही साधले नाही, मात्र प्रशिक्षण देणे आणि बदल्या थांबवणे हे उपाय कामी आले. भिवंडीत १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, पोलीस आणि हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांचे लोक नियमित एकत्र बसू लागले, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई दंगलींत पेटली असताना भिवंडी शांत राहिली. तेथे आधी नाते जोडले गेले होते. येथे आपण थेट मोजायलाच निघालात.

सीमाभागात पोलीस दिसतात ते १ नोव्हेंबरला मराठी भाषिक पाळतात त्या काळ्या दिनाला आणि बेळगावच्या सुवर्णसौधातील विधिमंडळ अधिवेशनाच्या बंदोबस्ताला. १९८६ चा कन्नडसक्तीविरोधी आंदोलनावरचा गोळीबार आणि २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरमध्ये झालेला लाठीमार ज्या घरांनी पाहिला, त्या घरांत आपण विश्वासाची टक्केवारी काढणार आहात. भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तेथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे केंद्राने १९५६ मध्येच म्हटले आहे. आमच्या ठाण्यातल्या भिंतीवर ते अद्याप पोहोचलेले नाही.

तेव्हा प्रश्नावली मराठीत द्यावी, ती विचारताना गणवेश जवळ नसावा, आणि कन्नडमध्ये लिहिलेली फिर्याद सहीपूर्वी मराठीत समजावून सांगावी. २०२५ मध्ये आपण पोलिसांना घरोघरी पाठवण्याची योजना सुरू केली आहे. पाहणीच्या दिवशी तेवढे त्यांना ठाण्यात बसू द्या. शब्द देणाऱ्या त्या अधिकाऱ्यांची मध्यंतरी बदली झाली असून नव्या साहेबांना त्या बैठकीची कल्पनाच नाही. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याने दिलेला शब्द कोणी पाळायचा असतो, हे आपल्या खात्याने एकदा लेखी कळवावे.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक शेतकरी