मंत्री महोदय, पंचनाम्यात मागचा दिवा का नव्हता?

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मोटारसायकलींचे बदललेले सायलेन्सर आणि काळे केलेले किंवा काढून टाकलेले मागचे दिवे यांबाबत

महोदय,

सादर नमस्कार. मी अंबाजोगाईत औषधांचे दुकान चालवते. मंत्र्यांना पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे आणि ती माझ्यावर आली, कारण गेल्या आठवड्यात आमच्या घरी दोषारोपपत्राची प्रत पोहोचली. त्यात माझे पती आरोपी आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 आणि 125 खाली, म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवून दुसऱ्याला दुखापत केल्याबद्दल, त्यांच्यावर खटला चालणार आहे. ज्या माणसाच्या मांडीच्या हाडात सळई घातलेली आहे आणि जो अजून वॉकरशिवाय न्हाणीघरापर्यंतही जाऊ शकत नाही, त्याला आता न्यायालयाच्या तारखा सांभाळायच्या आहेत.

अपघात झाला तेव्हा ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला होता. लातूरहून परत येताना, बर्दापूरच्या अलीकडे, अंधार पडल्यानंतर माझे पती स्कूटरवरून आपल्या बाजूने येत होते. त्यांच्या पुढे एक मोटारसायकल चालली होती. तिच्या मागच्या दिव्यावर काळी फिल्म चिकटवलेली होती आणि दोन्ही इंडिकेटर काढलेले होते. मागचे मडगार्ड कापून टाकले होते, त्यामुळे त्याच्यावरचा लाल रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेटवर उजेड पाडणारा छोटा दिवाही त्याच्याबरोबर गेला होता. नंबर प्लेट सीटच्या खाली वाकवून बसवलेली होती. ती मोटारसायकल शेताकडच्या पांदणीत वळण्यासाठी हळू झाली आणि मागच्या माणसाला त्याचा काहीही पत्ता लागला नाही. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचे दिवे डोळ्यांवर होते. स्कूटरच्या उजेडात पुढच्या गाडीचा टायर दिसला, तेव्हा मध्ये अंतरच उरलेले नव्हते. ताशी 50 किलोमीटरने जाणारे वाहन एका सेकंदात जवळपास 14 मीटर पुढे जाते. ब्रेकचा लाल दिवा मागच्या चालकाला असा एखादा सेकंद मिळवून देतो, आणि माझ्या पतींचा तो सेकंद कुणीतरी दुकानात बसून, पैसे घेऊन, काळ्या फिल्मखाली झाकून टाकला होता.

पंचनामा त्याच रात्री बॅटरीच्या उजेडात लिहिला गेला. वाहने कोणत्या दिशेला पडली, रस्त्याची रुंदी किती, काचा कुठे सांडल्या, हे सगळे त्यात आहे. मागच्या दिव्याबद्दल एक शब्दही नाही. नंतर झालेल्या वाहन तपासणीच्या अहवालात ब्रेक, हँडल आणि टायर यांची नोंद आहे, आणि दिव्यापुढे ‘अपघातात क्षतिग्रस्त’ असे लिहिले आहे. माझ्या भाच्याने त्या रात्री मोबाइलवर घेतलेल्या छायाचित्रात तो दिवा तारेला लोंबकळताना दिसतो आणि त्याच्यावरची काळी फिल्म शाबूत असल्याचेही दिसते. ती छायाचित्रे घेऊन मी गेले, तेव्हा मोटारसायकल सुपुर्दनाम्यावर परत दिली गेली होती आणि तिला नवा दिवाही बसलेला होता. मला सांगण्यात आले, “मॅडम, मागून धडकतो त्याचीच चूक धरतात.” पुढच्या वाहनाने आपण आहोत हे सांगण्याची सोयच काढून टाकलेली असताना चूक कुणाची धरायची, याचे उत्तर मला आजवर कोणत्याही टेबलावर मिळालेले नाही.

ती मोटारसायकल चालवणाऱ्या मुलाबद्दल माझ्या मनात राग नाही. तो एकोणीस वर्षांचा आहे, आईवडील उसाच्या फडावर कर्नाटकात गेलेले, घरी फक्त आजी. त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. वॉर्डात मी त्याच्याजवळ गेले तेव्हा तो म्हणाला, “काकू, मी घेतली तेव्हा ती अशीच होती.” माझा त्याच्यावर विश्वास आहे. गाडी जुनी घेतलेली होती. फॉर्म 29 आणि 30 भरले गेले, नाव बदलले, शुल्क जमा झाले. त्या साऱ्या व्यवहारात गाडीच्या मागे जाऊन उभे राहावे असे कुणालाही वाटले नाही.

कायदा नाही, असे आपण म्हणू शकत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट केरळमधील प्रकरणात पुन्हा स्पष्ट केली. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये परवानगी नसलेले भाग बसवून बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड सांगितला आहे. आवाज आणि प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम 190 खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना गमावण्याची तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सर, मागचा लाल दिवा, लाल रिफ्लेक्टर या प्रत्येकासाठी स्वतंत्र नियम आहे. रात्री नंबर प्लेट 15 मीटरवरून वाचता आली पाहिजे, इतका बारीक विचार तिथे केलेला आहे. हे सगळे मी एका औषधाच्या दुकानात बसून वाचू शकले. ज्यांना त्यासाठी पगार मिळतो, त्यांनी हे वाचलेले नाही असे मी कसे मानू?

हे बदल करून देणारे दुकान आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे तो धंदा मी रोज पाहते. दर्शनी भागात सायलेन्सर टांगलेले असतात. इंदोरी, पंजाबी अशी त्यांची नावे आहेत. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये आवाज जिरवण्यासाठी कप्पे, पडदे आणि जाळी असते, आणि 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये धूर निवळवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही असतो. हे सारे कापून बाजूला ठेवले जाते आणि जवळजवळ पोकळ नळी वेल्ड करून दिली जाते. मग धावत्या गाडीचे स्विच क्षणभर बंद करून पुन्हा चालू केले, की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेटते आणि फटाका वाजतो. काही नळ्यांच्या तोंडाशी आवाज कमी करणारे बूच असते. नाका दिसला की ते बसवायचे आणि पुढे गेल्यावर काढायचे, हेही गिऱ्हाइकाला तिथेच शिकवले जाते. शेजारच्या खोक्यात इंचभर रुंदीचे दिवे, काळ्या फिल्मचे तुकडे आणि लाल-निळ्या-पांढऱ्या लुकलुकणाऱ्या पट्ट्या असतात. मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिवा दाखवायचा नाही, हा नियम त्या खोक्यापर्यंत पोहोचलेला नाही.

आमचे दुकान रुग्णालयाच्या रस्त्यावर आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रुग्णालयाभोवती 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असतो. तिथे दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलची मर्यादा आहे. नवी मोटारसायकल कारखान्यातून बाहेर पडताना 80 ते 175 सीसीसाठी 77 आणि त्यावरच्या इंजिनासाठी 80 डेसिबलच्या आत असावी लागते. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते. दर दहा डेसिबलमागे ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणजे जाळी काढल्यावर आवाज 80 वरून 100 वर गेला, तर ती शंभरपट झाली. माझे पती शस्त्रक्रियेनंतर त्याच रस्त्याकडच्या खोलीत होते. फटाका वाजला की त्यांचे अंग दचकायचे, दचकले की पाय हलायचा आणि पाय हलला की ते ओरडायचे. शेजारच्या खाटेवर अर्धांगवायू झालेले एक आजोबा होते. त्यांना बोलता येत नव्हते, त्यांच्या डोळ्यांतून नुसते पाणी यायचे. माझे पती एकटे नाहीत, महोदय. लातुरात खोली करून डॉक्टर होण्यासाठी रात्र-रात्र अभ्यास करणाऱ्या मुलांना विचारा. बाळंतिणीला विचारा.

मागच्या जानेवारीत, रस्ता सुरक्षा अभियानाच्या कार्यक्रमात, एका अधिकाऱ्यांनी आम्हा व्यापाऱ्यांसमोर व्यासपीठावरून सांगितले होते की अशा सर्व दुकानांची महिनाभरात तपासणी होईल आणि आवाज मोजण्याचे यंत्र आमच्या शहरासाठी येईल. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तपासणी झाली नाही, यंत्रही आले नाही. मी लेखी विचारणा केली तेव्हा एका कार्यालयाने विषय वाहतूक शाखेचा असल्याचे कळवले, वाहतूक शाखेने तो परिवहन विभागाचा असल्याचे सांगितले, आणि शासनाच्या संकेतस्थळावर माझी तक्रार ‘निकाली’ दिसू लागली. त्यानंतरच्या हंगामात माझ्या पतींचा अपघात झाला.

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोड रोलर फिरवल्याची छायाचित्रे मी वर्तमानपत्रांत अनेकदा पाहिली आहेत. ती कारवाई चांगलीच आहे, पण ती मोठ्या शहरांत होते, आणि चिरडलेला सायलेन्सर ज्या दुकानातून आला ते दुकान दुसऱ्या दिवशी उघडेच असते. शिवाय ती कारवाई फक्त आवाजाची आहे. आवाज अधिकाऱ्यांच्याही कानी पडतो. विझलेला दिवा कुणाला ऐकू येत नाही. काळी फिल्म लावलेले दिवे रस्त्यावर मांडून कुणी छायाचित्र काढल्याचे मला आठवत नाही, आणि माणसे मरतात ती त्या दिव्यांमुळे. केंद्राच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली. त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता, आणि एकूण मृत्यूंपैकी जवळपास पाचवा हिस्सा मागून झालेल्या धडकेचा होता. त्या धडकांपैकी किती वेळा पुढच्या वाहनाचा मागचा दिवा बंद किंवा झाकलेला होता, हे कसे कळणार? आमच्यासारख्या पंचनाम्यांत ते लिहिलेलेच नसते.

खासगी मोटारसायकलची नोंदणी 15 वर्षांची असते. त्या 15 वर्षांत सरकारचा एकही माणूस तिच्याकडे पाहत नाही. पीयूसी केंद्रात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, आवाज मोजत नाहीत. आणि कन्व्हर्टर कापलेल्या गाड्याही ते प्रमाणपत्र घेऊन आमच्याकडे खुशाल फिरतात, त्यावरून त्या केंद्रांवर काय चालते ते आपणच तपासावे. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या प्रत्येक वाहनाला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवण्याची सक्ती आपल्या विभागाने केली. दुचाकीसाठी जीएसटी सोडून 450 रुपये भरून आम्ही ती निमूटपणे बसवली. तीच प्लेट सीटखाली वाकवून, तिच्यावरचा दिवा काढून कुणी फिरत असेल, तर आमच्याकडून ती सक्ती कशासाठी करून घेतली? जो नियम पाळतो त्याच्या दारात नोटीस लगेच येते. जो मोडतो त्याच्याकडे यायला कुणाला वेळ नाही, आणि मराठवाड्यात तर माणूसही नाही, यंत्रही नाही.

आमच्या आठ जिल्ह्यांना रस्ते उशिरा मिळाले. आता ते रुंद झाले, गुळगुळीत झाले, वेग वाढला. पण त्यांच्यावर उजेड नाही आणि देखरेखही नाही. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या मागे एकही दिवा नसताना रात्रभर चालतात. हंगामाच्या सुरुवातीला त्यांना रिफ्लेक्टर लावतानाची छायाचित्रे छापून येतात आणि पुढच्या खेपेला ते रिफ्लेक्टर पाचटाने झाकलेले असतात. अशा रस्त्यावर त्याच अंधारात दिवा काढलेल्या मोटारसायकलींची भर पडली आहे. पुण्या-मुंबईच्या उजळलेल्या रस्त्यावर काळ्या दिव्याची गाडी निदान दिसते. आमच्याकडे ती दिसत नाही, हा फरक मंत्रालयातून कळत नसेल, तर आपण एकदा रात्री आठनंतर लातूर ते अंबाजोगाई दुचाकीवरून यावे, ही माझी मनापासून विनंती आहे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. अपघाताच्या प्रत्येक पंचनाम्यात आणि वाहन तपासणी अहवालात पुढच्या वाहनाचा मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट कशा स्थितीत होत्या, हे छायाचित्रासह लिहिणे बंधनकारक करावे, आणि ती नोंद होईपर्यंत वाहन सुपुर्दनाम्यावर सोडू नये. जुनी गाडी नावावर करताना तिची मागची बाजू एकदा तपासावी. आणि सर्वांत आधी दुकानांवर जावे. महत्त्वाचे सुरक्षा घटक म्हणून अधिसूचित झालेले भाग मानकांप्रमाणे नसताना विकणाऱ्याला कलम 182-अ मध्ये एक वर्षापर्यंत कारावास किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड आहे. त्या भागांची यादी मराठीत छापून प्रत्येक ॲक्सेसरीच्या दुकानात आणि गॅरेजमध्ये लावावी, तिच्यात काही उणे असेल तर केंद्राकडे आग्रह धरावा, आणि मराठवाड्यात या तरतुदीखाली किती दुकानदारांवर गुन्हे दाखल झाले हे विधिमंडळात जाहीर करावे. एकोणीस वर्षांच्या मुलाला पकडून पावती फाडणे सोपे आहे. त्याला ती गाडी तशी करून विकणारे दोन हात मोकळे ठेवून ही पावती मला मान्य नाही.

माझ्या पतींच्या खटल्यात त्या मोटारसायकलच्या मागच्या दिव्याची छायाचित्रे पुरावा म्हणून घेतली जावीत, असा अर्ज आमचे वकील देणार आहेत. तपासणी अहवालात ‘अपघातात क्षतिग्रस्त’ हे शब्द कशाच्या आधारे लिहिले गेले, याचा लेखी खुलासा मला आपल्या विभागाकडून हवा आहे. तो संकेतस्थळावरच्या ‘निकाली’ या शब्दात नको, अधिकाऱ्याच्या सहीनिशी हवा.

आपली,
एक औषध विक्रेती
अंबाजोगाई, जि. बीड